इटलीत लढलेली ब्राझीलची डिव्हिजन : मोन्ते कास्तेलो तीनदा का निसटला?

दप्तरी (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धात दक्षिण अमेरिकेतून युरोपात पायदळ पाठवणारा देश एकच, तो म्हणजे ब्राझील. पाचव्या अमेरिकन आर्मीच्या इतिहासात या फौजेला चार-दोन परिच्छेद मिळतात आणि त्यातही सूर असा असतो की मंडळी शूर होती, पण कच्ची होती. मोन्ते कास्तेलो हा ९७७ मीटरचा डोंगर नोव्हेंबर-डिसेंबर १९४४ मध्ये तीनदा हल्ला करूनही पडला नाही, याचं खापर बहुतेक वेळा या कच्चेपणावर फोडलं जातं. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं की डोंगर पडला नाही कारण त्याच्या डाव्या हाताचा बेल्वेदेरे हा डोंगर जर्मनांकडे होता, आणि बेल्वेदेरे घेणं एकट्या ब्राझिली डिव्हिजनच्या ताकदीबाहेरचं होतं.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. ऑगस्ट १९४२ मध्ये ऊ-५०७ या जर्मन पाणबुडीने बाहिया आणि सेर्जिपेच्या किनाऱ्याजवळ दोन-तीन दिवसांत पाच ब्राझिली जहाजं बुडवली. सहाशेच्या वर माणसं गेली. शहराशहरांत लोक रस्त्यावर आले आणि २२ ऑगस्टला जेतुलियो वार्गास सरकारने जर्मनी आणि इटलीविरुद्ध युद्ध पुकारलं. अमेरिकेला तोवर ब्राझीलकडून हवा होता तो मुख्यतः ईशान्य टोकावरचा नाताल विमानतळ (आफ्रिकेकडे जाणारी विमानं तिथूनच समुद्र ओलांडत), रबर आणि खनिजं. सैन्य पाठवण्याचा आग्रह ब्राझीलचा. जानेवारी १९४३ मध्ये नातालला वार्गास-रूझवेल्ट भेट झाली आणि ऑगस्टमध्ये मोहिमेच्या फौजेची स्थापना झाली. पोर्तुगीज नावाच्या आद्याक्षरांवरून तिला सगळे 'फेब' म्हणतात.

ठरलं होतं तीन डिव्हिजन, एक लाख माणूस. गेली एक डिव्हिजन आणि तिच्या जोडीची पथकं, मिळून सुमारे २५,३००. सेनापती जनरल माश्कारेन्यास दि मोराइस. पायदळाच्या तीन रेजिमेंट: रिओची १ ली, साओ पाउलोतल्या कासापावाची ६ वी आणि मिनास जेराइसमधल्या साओ जुआव देल रेइची ११ वी. पहिली तुकडी २ जुलै १९४४ ला रिओहून अमेरिकन जहाजातून निघाली, १६ जुलैला नेपल्सला उतरली. दुसरी-तिसरी ६ ऑक्टोबरला, चौथी ७ डिसेंबरला, पाचवी २२ फेब्रुवारी १९४५ ला. या तारखा लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ त्यांतच आहे. ज्या डिव्हिजनने नोव्हेंबरात डोंगर घ्यायचा, तिच्या दोन-तृतीयांश पायदळाला इटलीत येऊन जेमतेम सहा-सात आठवडे झाले होते.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः रसद, तोफखाना आणि विमानदळ यांवर.

तोफखाना

चांगला विषय. रचनेपासून सुरुवात करतो, कारण ती समजली नाही तर 'मोठ्या मित्राबरोबर लढणं' म्हणजे नेमकं काय ते कळत नाही.

ब्राझिली सैन्य १९२० पासून फ्रेंच लष्करी मिशनच्या हाताखाली वाढलेलं होतं. नियमपुस्तिका, हुद्द्यांची कामं, हल्ला आखायची पद्धत, सगळं फ्रेंच. पाचव्या आर्मीत जायचं तर अमेरिकन साच्यात बसावंच लागणार, कारण दारूगोळा, सुटे भाग, नकाशे आणि तारायंत्रं सगळी त्यांच्याकडून यायची. त्यामुळे डिव्हिजन कागदावर मोडून पुन्हा बांधली गेली. तीन रेजिमेंट, प्रत्येकीत तीन बटालियन, आणि गरज पडेल तेव्हा एका रेजिमेंटला एक तोफा-गट, एक इंजिनियर कंपनी आणि वैद्यकीय तुकडी जोडून स्वतंत्र लढाऊ गट बनवायचा. ६ वी रेजिमेंट सप्टेंबरात अशीच एकटी आघाडीवर गेली.

तोफा : १०५ मिमी हॉवित्झरचे तीन गट आणि १५५ मिमीचा एक. गटात १२ तोफा, म्हणजे एकूण ४८. १०५ चा गोळा साधारण १५ किलोचा, पल्ला ११ किमीच्या आसपास. १५५ चा गोळा ४३ किलोचा, पल्ला साडेचौदा. तोफखान्याचे प्रमुख कोर्देइरो दि फारियास. नवीन शिकायची मुख्य गोष्ट तोफ नव्हती, अग्निनियंत्रण केंद्र होतं. जुन्या पद्धतीत बॅटरीचा (तोफांच्या लहान तुकडीचा) अधिकारी स्वतः निशाण पाहून आपल्यापुरते हुकूम देई. अमेरिकन पद्धतीत पुढचा निरीक्षक फक्त नकाशावरची जागा आणि पडलेल्या गोळ्याची चूक कळवतो, हिशोब मागच्या केंद्रात होतो आणि तिथून एकाच वेळी बारा काय, अठ्ठेचाळीस तोफा एका लक्ष्यावर वळवता येतात. याला लागतात तीन गोष्टी : सर्वांकडे एकच नकाशा, न तुटणारी टेलिफोनची तार, आणि तारेच्या दोन्ही टोकांना एकच भाषा. तिसरी गोष्ट शेजारी अमेरिकन तोफा असल्या की अडायची, म्हणून दुभाषे अधिकारी ठेवावे लागले. व्हर्नन वॉल्टर्स हा अमेरिकन अधिकारी त्यांतलाच.

वर निरीक्षणासाठी पायपर विमानांचं छोटं पथक होतं. वैमानिक हवाई दलाचा, मागे बसणारा निरीक्षक तोफखान्याचा. ते उडालं की जर्मन तोफा गप्प बसत, कारण डागली की जागा उघडी पडायची. ढग असले तर हा डोळा बंद. कास्तेलोवरच्या १२ डिसेंबरच्या हल्ल्यात तेच झालं.

शिधापत्रिका

रसदीवर लिहिते.

पहिली तुकडी नेपल्सला उतरली ती बिनहत्यारी. हत्यारं अमेरिकेने इटलीतच द्यायची ठरलेली. अंगावरचा ब्राझिली गणवेश हिरवट करडा, लांबून जर्मनांसारखा दिसणारा. बंदरावरच्या लोकांना वाटलं, कैद्यांचा तांडा आला, आणि त्यांनी शिव्या घातल्या. ही हकिगत नेहमी गंमत म्हणून सांगितली जाते, पण त्यातली खरी अडचण गंभीर होती : हे कापड इटलीच्या डोंगरातल्या थंडीसाठी नव्हतंच. शेवटी अमेरिकन जाकिटं, लोकरी कपडे, पांघरुणं द्यावी लागली. हिवाळ्यातला ब्राझिली शिपाई आतून ब्राझिली आणि वरून अमेरिकन असा दिसतो तो त्यामुळे.

पायांचं प्रकरण सर्वांत महत्त्वाचं. ओल्या खंदकात बूट दिवसेंदिवस पायात राहिले की रक्तपुरवठा मंदावतो, पाय सुजतो, बधिर होतो, काळा पडतो, बोटं कापावी लागतात. आवळलेली नाडी आणि घट्ट चामड्याचा बूट हे दोन गुन्हेगार. ब्राझिली शिपायांनी बूट काढून ठेवले आणि अमेरिकन रबरी ओव्हरशू थेट पायात घालून त्यात वाळकं गवत किंवा वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. रबर बाहेरचं पाणी अडवतं, गवत पायाला हवा आणि ऊब देतं, ओलं झालं की फेकून दुसरं भरायचं. उष्ण प्रदेशातून आलेली ही फौज, पण तिच्यात खंदक-पायाचं प्रमाण कमी राहिलं आणि अमेरिकन डॉक्टरांनी त्याची दखल घेतली. चालताना मात्र ओव्हरशू निकामी, घोटा वळतो. म्हणून गस्तीला बूट, खंदकात ओव्हरशू.

जेवण : आघाडीवर के आणि सी रेशन. के म्हणजे मेणकागदी खोक्यात सकाळ-दुपार-रात्रीचे तीन डबे, दिवसाला सुमारे २,८०० कॅलरी. पोट भरायचं, जीव भरायचा नाही. ब्राझिली ताटाचा कणा भात, काळा घेवडा आणि मँडिओकाचं पीठ. यातलं काहीच त्या खोक्यात नाही. मागच्या बाजूला स्वयंपाकघर लावता आलं की तांदूळ-घेवड्यावर भर दिला जाई.

घाटमाथा

दप्तरी, तुमच्या मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. बेल्वेदेरे हे कारण आहेच, पण कच्चेपणा तुम्ही फार पटकन बाजूला सारलात.

६ ऑक्टोबरला नेपल्सला आलेल्या १ ल्या आणि ११ व्या रेजिमेंटला तिथे उतरवलंसुद्धा नाही. लहान लँडिंग बोटींत भरून वादळी समुद्रातून लिव्होर्नोला नेलं, तिथून पिसाजवळच्या सान रोस्सोरेच्या जंगलात तंबू. हत्यारं आणि वाहनं यायला आठवडे गेले. म्हणजे जो काळ बंदूक, मॉर्टर आणि सुरुंग शिकण्यात जायला हवा तो वाट पाहण्यात गेला. ६ व्या रेजिमेंटला याउलट तार्क्वीनिया आणि वादा इथे नीट सराव मिळाला, आणि तिला आधी सोपी आघाडीही मिळाली : १६ सप्टेंबरला मास्सारोसा, मग कामायोरे, २६ ला मोन्ते प्रानो. चढत्या क्रमाने अवघड. इतर दोघींना पहिल्याच घासाला कास्तेलो.

२ डिसेंबरच्या रात्रीचं उदाहरण पाहा. ११ व्या रेजिमेंटची पहिली बटालियन प्रथमच आघाडीवर आली. संध्याकाळी, अंधारात, थकलेल्या बटालियनकडून जागा ताब्यात घेतली. रात्री जर्मन गस्ती अंगावर आल्या आणि बटालियन जागा सोडून मागे आली. अशी अदलाबदल कशी करायची याला ठरलेली रीत आहे : आधी दिवसाउजेडी प्रत्येक प्लॅटूनच्या नायकाने येऊन खंदक, सुरुंगपट्टे, मशीनगनचे मारे बघायचे. मग जुन्या बटालियनचा एकेक माणूस निदान एक रात्र नव्यांसोबत ठेवायचा. तोफांची आणीबाणीची लक्ष्यं तीच चालू ठेवायची. यातलं काही करायला वेळच दिला नाही. याला कच्चेपणा नाही तर काय म्हणायचं?

दप्तरी

घाटमाथा, ते मान्य. पण तुम्हीच म्हणता, वेळ 'दिला' नाही. कोणी दिला नाही? आघाडीचं वेळापत्रक चौथ्या कोअरचं (ब्राझिली डिव्हिजन जिच्या हाताखाली होती ती अमेरिकन फौज), म्हणजे जनरल क्रिटेनबर्गरचं. हत्यारांचं वेळापत्रक अमेरिकन गोदामांचं. शिपायाचा कच्चेपणा आणि त्याला कच्चा पुढे पाठवणं या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. अर्थात, पूर्ण डिव्हिजन लवकर आघाडीवर दिसावी ही ब्राझिली सेनापतींचीही इच्छा होती, तेवढं तुमच्या पारड्यात.

आता चारही हल्ले क्रमाने मांडतो.

जागा अशी : बोलोन्याकडे जाणारा ६४ नंबरचा रस्ता रेनो नदीच्या खोऱ्यातून वर जातो. त्याच्या पश्चिमेला डोंगरांची रांग, बेल्वेदेरे (सुमारे ११४० मीटर), गोर्गोलेस्को, कास्तेलो, तोर्राच्चा. बेल्वेदेरेवर बसलेल्या माणसाला कास्तेलोचा दक्षिण उतार तळहातासारखा दिसतो. समोर जर्मन २३२ वी डिव्हिजन. तिच्यात वयस्क आणि जखमांतून उठलेले पुष्कळ, पण उंचावर खंदलेल्या मशीनगनला तरुण हात लागत नाहीत.

पहिला, २४-२५ नोव्हेंबर : टास्क फोर्स ४५. हे मुळात अमेरिकन विमानवेधी तोफांचे गोलंदाज, काम उरलं नाही म्हणून पायदळ बनवलेले. त्यांच्या हाताखाली एक ब्राझिली बटालियन आणि टेहळणी पथक. बेल्वेदेरे अमेरिकनांना मिळाला, कास्तेलो मिळाला नाही.

दुसरा, २९ नोव्हेंबर : आता ब्राझिली हुकमाखाली. आदल्याच रात्री जर्मनांनी प्रतिहल्ला करून अमेरिकनांकडून बेल्वेदेरे परत घेतला. डावी बगल उघडी झाली हे कळूनही हल्ला रद्द झाला नाही. चढणाऱ्या कंपन्यांना समोरून आणि डावीकडून एकाच वेळी मार बसला.

तिसरा, १२ डिसेंबर : १ ली रेजिमेंट. पाऊस, धुकं, गुडघाभर चिखल. रणगाडे हलेनात, विमानं नाहीत, निरीक्षकांना दिसेना. बेल्वेदेरे अजून जर्मनांकडेच. दुपारपर्यंत सगळं संपलं.

तिन्ही वेळा पुढे गेली ती फार तर दोन-तीन बटालियन. उरलेल्या डिव्हिजनला सुमारे १५ किमीची आघाडी धरून ठेवायची होती, त्यामुळे मागे राखीव म्हणण्यासारखं काही नव्हतं. यशाचा फायदा घ्यायला आणि अपयश सावरायलाही माणूस नाही.

चौथा, २१ फेब्रुवारी १९४५ : १८-१९ च्या रात्री अमेरिकन १० व्या माउंटन डिव्हिजनने रीवाची उभी कडा चढून वरच्या जर्मन चौक्या घेतल्या. १९ च्या रात्री तोफा न डागता बेल्वेदेरे-गोर्गोलेस्को. मग २१ ला पहाटे साडेपाचला ब्राझिली १ ली रेजिमेंट निघाली. एक बटालियन डावीकडून मात्सान्काना वाडीच्या बाजूने वळसा घालून, दुसरी समोरून. डावीकडचा मार आता येणारच नव्हता. शेवटच्या टप्प्याला सगळ्या तोफा शिखरावर आणि संध्याकाळी सहाच्या आत डोंगर हाती. माणसं तीच, बंदुका त्याच, मधे दोन महिन्यांचा गस्तीचा अनुभव आणि बगलेला एक संपूर्ण ताजी डिव्हिजन. शेजारचा तोर्राच्चा घ्यायला १० व्या माउंटनला त्यानंतर आणखी तीन दिवस लागले, हेही नोंदवून ठेवतो.

सह्यकडा

वाचतोय. एक शंका : पायदळाच्या हातात नेमकं काय होतं? आणि १५ किमी आघाडी म्हणजे सगळीकडे खंदक का?

तोफखाना

नाही, सलग खंदक नव्हते. वाड्या, टेकाडं, घाटवाटा अशा ठिकाणी प्लॅटून-प्लॅटूनच्या चौक्या, मधल्या फटी सुरुंग, तारा आणि आधीच नेम धरून ठेवलेल्या तोफा-मॉर्टरने झाकलेल्या. फटीतून गस्ती दोन्हीकडून ये-जा करत. वर सामान पोचवायला जीप जिथवर जाईल तिथवर जीप, पुढे इटालियन खेचरं, त्यापुढे पाठ. पोर्रेत्ता तेर्मेतलं डिव्हिजनचं मुख्यालय आणि ६४ नंबरचा रस्ता जर्मनांच्या नजरेत, म्हणून दिवसा कृत्रिम धुराचे पडदे सोडून वाहतूक चालवावी लागे. धुरात चालक रस्ता चुकतो, तेव्हा इंजिनियरांची माणसं वळणावळणावर उभी.

हत्यारं : अमेरिकन पायदळाकडे आठ गोळ्यांची अर्धस्वयंचलित गॅरंड, ब्राझिली शिपायाकडे बहुतांशी जुनी स्प्रिंगफील्ड १९०३, पाच गोळ्या, दर गोळीला हाताने बोल्ट. साधारण बारा जणांच्या सेक्शनमध्ये स्वयंचलित म्हणावी अशी एक ब्राउनिंग रायफल, तिची मॅगझिन २० ची. समोर जर्मन एमजी ४२, मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्या. हा फरक मॉर्टरने भरून काढायचा, कंपनीकडे ६० मिमी, बटालियनकडे ८१ मिमी. पण खड्या चढावर ८१ चे गोळे वाहणं हेच मोठं काम. एक गोळा तीन किलोच्या वर, एक माणूस दहा-बारा नेणार आणि ते दोन मिनिटांत संपणार. १२ डिसेंबरच्या चिखलात काय झालं असेल याचा अंदाज यावरून करा.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. उच्चारांबद्दल थोडं. सेनापतींचं आडनाव आमच्याकडे मास्कारेन्हस म्हणून घराघरांत आहे, तेच हे. ब्राझीलमध्ये शेवटचा 'श' पुष्कळदा 'स' होतो आणि 'दि' चा 'जी'. तेव्हा 'मास्कारेन्यास जी मोराइस' जास्त जवळचं.

शिपायांच्या बोलीतले शब्द कळले की जुनी पत्रं आणि वार्तांकन उलगडतं. साध्या शिपायाला 'प्रासिन्या', लाडकं रूप. जर्मनाला इटालियनांकडून उचललेलं 'तेदेस्को'. एमजी ४२ ला 'लुर्जिन्या', म्हणजे लुर्देस या मुलीच्या नावाचं लघुरूप. परवानगीशिवाय गावात भटकून येण्याला 'तोशा'. आणि 'साको बे', म्हणजे 'ब' पिशवी. प्रत्येकाकडे दोन पिशव्या, 'अ' आघाडीवर सोबत, 'ब' मागे डेपोत. त्यावरून मागे सुरक्षित बसणाऱ्याला हे नाव चिकटलं.

दंडावरच्या बिल्ल्यातला चिलीम ओढणारा साप : ब्राझील युद्धात उतरेल तेव्हा साप चिलीम ओढेल, असं आधी म्हणत. फौज निघाली तेव्हा त्यांनी तोच साप बिल्ल्यावर घेतला. त्याआधीचा बिल्ला नुसता हिरवा, त्यावर 'ब्राझील' एवढंच.

घाटमाथा

दप्तरी, चारही हल्ल्यांची मांडणी पटली. २९ नोव्हेंबर हा निव्वळ हुकमाचा दोष, हे मान्य करतो. १२ डिसेंबरबद्दल अजून म्हणेन की हवामान बघून तो हल्ला पुढे ढकलायला माश्कारेन्यास यांनी जास्त भांडायला हवं होतं. दुय्यम भागीदाराच्या सेनापतीला 'नाही' म्हणणं जड जातं, विशेषतः ज्याचा दारूगोळा, पेट्रोल आणि रुग्णालयं समोरच्याच्या हातात आहेत त्याला. पण सेनापती तेवढ्यासाठीच असतो.

पंखा

विमानदळाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण 'लहान तुकडी, मोठं यंत्र' याचं ते सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

पहिला लढाऊ विमान गट, प्रमुख नेरो मोउरा. प्रशिक्षण पनामात आणि न्यूयॉर्क राज्यात. विमान पी-४७ थंडरबोल्ट : आठ अर्ध्या इंची मशीनगन, पंखांखाली साधारण ५०० पौंडी दोन बॉम्ब. ऑक्टोबर १९४४ मध्ये तार्क्वीनिया, डिसेंबरपासून पिसा. अमेरिकन ३५० व्या फायटर ग्रुपमध्ये चौथं स्क्वाड्रन म्हणून जोडलेले. संकेतनाव 'जांबॉक'. काम हवेतल्या लढाईचं नव्हतं, तर रूळ, पूल, ट्रक, दारूगोळ्याचे साठे फोडायचं. डोक्यावरच्या शत्रूच्या विमानापेक्षा जमिनीवरच्या विमानवेधी तोफांनीच माणसं नेली, कारण खाली सूर मारताना विमान काही सेकंद सरळ रेषेत असतं आणि त्याच सेकंदात तोफेचा नेम बसतो.

इथे काय बिघडलं : ४८ च्या आसपास वैमानिक आले, आणि बदली वैमानिकांची साखळी ब्राझीलने उभीच केली नव्हती. अमेरिकन वैमानिक ठरावीक उड्डाणं झाली की घरी जाई, जागेवर नवा येई. ब्राझिली वैमानिक मेला, जखमी झाला, पकडला गेला किंवा थकून गेला तरी त्याची उड्डाणं उरलेल्यांवर. एप्रिलमध्ये निम्म्याहून कमी राहिले. गट बंद करून माणसं इतर स्क्वाड्रनांत वाटावीत असाही विचार पुढे आला. त्यांनी नकार दिला आणि २२ एप्रिल १९४५ ला ११ मोहिमांत ४४ उड्डाणं केली, म्हणजे बहुतेकांनी त्या एका दिवशी दोनदा. ब्राझीलमध्ये तो दिवस लढाऊ विमानदळाचा दिवस म्हणून पाळतात.

६ ते २९ एप्रिलच्या काळात, ज्या अमेरिकन हवाई कमांडखाली ते होते तिच्या एकूण उड्डाणांपैकी ५ टक्के त्यांची. पण नष्ट झालेल्या वाहनांत वाटा १५ टक्के, पुलांत २८ टक्के, नुकसान झालेल्या दारूगोळ्याच्या साठ्यांत ८५ टक्के. पूर्ण मोहिमेत ४४५ मोहिमा, २,५४६ उड्डाणं.

सह्यकडा

पंखा, फारच छान माहिती. आपल्या मराठा पलटणींची आणि यांची कुठे गाठ पडली का?

दप्तरी

थेट शेजारी लढल्याचं नाही, पण एकाच खोऱ्यातून मागेपुढे गेले. ६ व्या ब्राझिली रेजिमेंटने ऑक्टोबर १९४४ मध्ये सेर्किओ नदीचं खोरं वर चढत बार्गा घेतलं. तिथून कास्तेलनुओवो दि गार्फान्यानाकडे सरकताना ३१ ऑक्टोबरला जर्मन-इटालियन प्रतिहल्ल्यात त्यांना मागे रेटलं गेलं. मग ते रेनो खोऱ्यात गेले. त्याच बार्गाच्या वरच्या अंगाला २६ डिसेंबरला शत्रूने पुन्हा चढाई केली, अमेरिकन ९२ व्या डिव्हिजनची फळी फुटली आणि ती सावरायला ८ वी भारतीय डिव्हिजन पुढे आली. मराठा लाइट इन्फन्ट्रीची १/५ बटालियन याच डिव्हिजनमध्ये. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, ज्यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीकाठच्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच बटालियनचे.

९२ वी ही कृष्णवर्णीयांसाठी वेगळी काढलेली डिव्हिजन. बहुतेक वरिष्ठ अधिकारी गोरे. ब्राझिली तुकड्यांत काळे, गोरे, मिश्र, जपानी वंशाचे एकाच प्लॅटूनमध्ये. दोन्ही फौजा एकाच कोअरखाली, एकाच गोदामाचं खात होत्या. भारतीय सैनिकांची स्थिती तिसरीच, ती वेगळ्या धाग्याचा विषय.

शिधापत्रिका

परिचारिकांचाही उल्लेख हवा. सैन्याच्या ६७ आणि हवाई दलाच्या ६. ब्राझीलचं स्वतःचं रुग्णालय इटलीत नव्हतं. पिस्तोया, लिव्होर्नो इथल्या अमेरिकन रुग्णालयांत ब्राझिली विभाग चालत. त्यामुळे जखमीशी पोर्तुगीज, डॉक्टरशी इंग्रजी, औषधाच्या बाटलीवर इंग्रजी मापं अशी कसरत. सुरुवातीला त्यांना हुद्दाच नव्हता. अमेरिकन परिचारिका अधिकारी होत्या, आणि हुद्द्याशिवाय भोजनगृहापासून हुकूम देण्यापर्यंत अडायचं. मग अधिकाऱ्याचा दर्जा द्यावा लागला.

तोफखाना

शेवटचा टप्पा. १४ एप्रिलला मोन्तेसे. ११ वी रेजिमेंट (हो, डिसेंबरातलीच ती) गावात शिरली, पण भोवतीच्या टेकड्यांसाठी १७ पर्यंत झुंज चालली. सुमारे ४३० माणसं मृत, जखमी, बेपत्ता. ब्राझीलची सर्वांत महाग लढाई कास्तेलो नव्हे, ही. त्याच दिवशी उजवीकडे १० व्या माउंटनची खरी मुसंडी होती आणि जर्मन तोफांचा मोठा वाटा मोन्तेसेवर पडला, म्हणजे तेवढा तो मुसंडीवर पडला नाही.

मग पाठलाग. १४८ वी जर्मन डिव्हिजन ला स्पेत्सियाकडून चिझा घाटाने पो नदीच्या मैदानात उतरू पाहत होती. पाठलागाला ट्रक अपुरे. माश्कारेन्यास यांनी तोफखान्याचे ट्रक काढून पायदळाला दिले, तोफा मागे राहिल्या. जोखीम मोठी, पण वेग मिळाला. २६-२७ ला कोलेक्यो, २८ ला फोर्नोवो दि तारो भोवती फास. कर्नल नेल्सन दि मेलो यांच्या ६ व्या रेजिमेंटकडे माणसं वेढलेल्यांच्या मानाने कितीतरी कमी. २८ ला सकाळी नेवियानो दे रोस्सीचे पाद्री अलेस्सांद्रो काव्हाल्ली ब्राझिली फौजेचं, शरण या असं सांगणारं पत्र घेऊन ओळी ओलांडून जर्मनांकडे गेले. जर्मनांचं उत्तर : वरिष्ठांना विचारून कळवतो. दिवसभर फुटून निघायचे प्रयत्न झाले, फसले. रात्री जर्मन मेजर कून आणि दोघे अधिकारी पांढऱ्या निशाणासह आले. आधी जखमी, सुमारे ८००, मग ओळीने तुकड्या, हत्यारं ठरलेल्या जागी टाकत. २९-३० एप्रिलला १४८ व्या डिव्हिजनचे जनरल फ्रेटर-पिको आणि इटालियन जनरल कार्लोनी शरण आले. एकूण १४,७७९ कैदी, ४,००० घोडे, ८० तोफा.

एवढ्या कैद्यांना पुरेल असं अन्नही एका रेजिमेंटकडे नसतं. ते अमेरिकन साठ्यांतून आलं.

घाटमाथा

आणि परतल्यावर? फौज मोडली कधी?

दप्तरी

जुलै १९४५ मध्ये, माणसं इटलीतच असताना विसर्जनाचे हुकूम निघाले. पहिली तुकडी १८ जुलैला रिओत उतरली, मिरवणूक झाली आणि मंडळी घरोघर. हुकूमशाहीविरुद्ध लढून आलेली संघटित फौज वार्गास यांच्या घरच्या हुकूमशाहीला परवडणारी नव्हती. ऑक्टोबरात सैन्यानेच त्यांना पायउतार केलं. फेबच्या कार्यवाही विभागाचे प्रमुख कास्तेलो ब्रांको १९६४ च्या सत्तापालटानंतर राष्ट्राध्यक्ष झाले, त्या वेळी रिओत अमेरिकन लष्करी अताशे (दूतावासातले लष्करी प्रतिनिधी) म्हणून होते तेच दुभाषे वॉल्टर्स. साध्या प्रासिन्याला मात्र सेकंड लेफ्टनंटच्या पगाराइतकं निवृत्तिवेतन १९८८ च्या राज्यघटनेने दिलं. तोवर ४३ वर्षं गेली होती.

मेलेले साडेचारशेहून अधिक. ते पिस्तोयाच्या ब्राझिली दफनभूमीत होते. १९६० मध्ये अवशेष रिओला, फ्लामेंगोच्या किनाऱ्यावरच्या स्मारकात नेले. पिस्तोयात १९६६ पासून स्मारक आहे. नंतर सापडलेल्या एका अनोळखी शिपायाचे अवशेष तिथेच ठेवले आहेत.

मांडवीकाठ

कोणाला जागा पाहायच्या असतील तर बोलोन्या-पिस्तोया या जुन्या घाटरेल्वेने पोर्रेत्ता तेर्मेला उतरा. तिथून वर गाज्जो मोन्तानो, आणि त्याच्या वाटेवर ग्वानेल्लाला ब्राझिली स्मारक. तिथे उभं राहून आधी डावीकडे बेल्वेदेरेकडे बघा, मग समोर कास्तेलोकडे.